कन्नड शिकायचं, पण कशासाठी? कामापुरतं की माणसांसाठी?

गेल्या महिनाभरात दोघींनी मला एकच प्रश्न विचारला. कर्नाटकातल्या आपल्या सीमाभागातल्या, खानापूरकडच्या एका मुलीनं स्वतःसाठी विचारला. बी.कॉम. झालीय, सरकारी भरतीची तयारी करतेय. दुसरी माझी वहिनी, तिनं आठ वर्षांच्या मुलासाठी. "कन्नडात मनच लागत नाही, काय करावं?" दोघींना मी वेगवेगळी उत्तरं दिली. तुमच्याही घरात हाच पेच असेल तर त्यामागचा विचार उपयोगी पडेल.

भाषा शिकण्यामागच्या प्रेरणेचे दोन प्रकार मानसशास्त्रात फार पूर्वीच वेगळे काढले गेले. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी 1959 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधला अभ्यास प्रसिद्ध केला. मॉन्ट्रियलही आपल्यासारखंच दोन भाषांचं गाव. घरात इंग्रजी, रस्त्यावर फ्रेंच. मार्क, नोकरी, बढती यांसाठी शिकणं ही साधनात्मक प्रेरणा. त्या लोकांत मिसळावं, त्यांचं बोलणं-हसणं कळावं म्हणून शिकणं ही एकात्म प्रेरणा. तिथल्या इंग्रजी घरातल्या मुलांत दुसऱ्या प्रकारची मुलं फ्रेंचमध्ये सरस ठरली. शिवाय भाषेचं अंगचं कसब आणि ही ओढ या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. म्हणून "आमच्या पोराला भाषाच जमत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, जमत नाही की नकोशी वाटते?

मात्र एवढ्यावरून पहिल्या प्रेरणेला कमी लेखू नका. 1972 मध्ये यास्मिन लुकमानी यांनी मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या शाळकरी मुलींचा अभ्यास केला. तिथे चित्र उलटं दिसलं. इंग्रजी कामाला यावी, पुढे जाता यावं, ही इच्छा ज्यांच्यात जास्त, त्यांची इंग्रजी जास्त चांगली. इंग्रजी बोलणाऱ्यांत मिसळायची हौस तिथे मुख्य नव्हतीच. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो, कारण त्या मुली आपल्यातल्याच. पोटासाठी भाषा शिकण्यात कमीपणा नाही आणि ती येतेही.

अडचण पुढे येते. गार्डनर आणि पीटर मॅकइंटायर यांनी 1991 मध्ये एक साधा प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना इंग्रजी-फ्रेंच शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि काहींना चांगल्या कामगिरीसाठी 10 डॉलर कबूल केले. पैसेवाल्यांनी जास्त वेळ दिला, जास्त शब्द शिकले. पण बक्षिसाची संधी संपल्यावरच्या फेरीत तो जादा वेळही संपला.

हे मी घरात पाहिलंय. भाच्याला सुरुवातीला कन्नडची गोल अक्षरं आवडायची. पाटीवर काढताना म्हणायचा, "आत्ती, जिलब्या घालतोय बघ." मग दादानं पानामागे दोन रुपये लावले. पंधरा दिवस वही भराभर भरली. अक्षरं मात्र बसकी झाली, ओळी सुटायला लागल्या. पैसे बंद झाले त्या दिवशी वही दप्तरातच राहिली. "आता का लिहू?" असं त्यानं सरळ विचारलं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग याच्याशी तंतोतंत जुळतो. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायची, त्यांना आधी सांगून बक्षीस दिल्यावर पुढे ती मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. अचानक मिळालेल्या बक्षिसानं तसं झालं नाही. म्हणून गोडी आधीच असेल तिथे सौदा करू नका. गोडी अजिबातच नसेल तर सुरुवातीला थोडं आमिष चालतं, बिघडायला तिथे काही नसतंच.

आता सीमाभागाचा खरा प्रश्न. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. 1956 मध्ये हा भाग कन्नड भाषकांच्या राज्यात गेला, ती जखम मनात असलेल्या घरात सक्ती म्हटलं की पोराच्या आधी आजोबांचाच चेहरा बदलतो. ते साहजिक आहे, त्याला हट्ट म्हणू नये. लँबर्टनीच पुढे दोन शब्द दिले: भर घालणारी द्विभाषिकता आणि वजा करणारी द्विभाषिकता. घरची भाषा मानानं, भक्कमपणे चालू असेल तर दुसरी भाषा तिच्यात भर घालते. घरची भाषा हटवून दुसरी आणली तर मूल वजाबाकीत जातं. म्हणून कन्नड शिकवताना घरातलं मराठी वाचन कमी करणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. रात्रीची गोष्ट मराठीतच व्हावी. तूप, अक्का, अण्णा हे शब्द दोन्हीकडे आहेत, हे पोराला सहज दाखवावं. भीती थोडी सैल होते.

खानापूरच्या मुलीला मी म्हटलं, तुला भरतीतल्या कन्नडच्या सक्तीच्या पेपरात पास व्हायचंय, तर कामापुरतीच ओढ धर. जुने पेपर, रोजचा ठरलेला तास, भरतीची तारीख भिंतीवर. कन्नडवर प्रेम बसायची वाट बघू नकोस. नोकरी लागल्यावर टेबलापलीकडचा माणूस बोलायला लागेल, तेव्हा दुसरी ओढ आली तर येईल.

वहिनीला मात्र सांगितलं, पैसे बंद, वहीचा आग्रहही थोडे दिवस बंद. बाजारात फुलं विकणाऱ्या बैलहोंगलकडच्या आजींकडे त्याला एकट्याला पाठव. पहिल्या दिवशी तो मराठीत बोलला, आजी कन्नडात. तिसऱ्या खेपेला आजींनी "बर्री" (या) म्हणून हाक मारली आणि हा घरी येऊन विचारत होता, "आत्ती, 'किती' ला 'एष्टु' म्हणतात, मग 'कमी करा' ला काय म्हणायचं?" परवा मोगऱ्याचा गजरा त्यानं पाच रुपये कमी करून आणला. वही अजून दप्तरातच आहे.