डब्ल्यूएचओचा क्वालिटीराइट्स ऑनलाइन कोर्स: मेंटल हेल्थ शिकणाऱ्या प्रत्येकाने करावा (५ पैकी ४)

सायकियाट्रिक नर्सिंग, सोशल वर्क, क्लिनिकल सायकॉलॉजी यातलं काहीही शिकत असाल तर डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा), मानसिक आजार असलेल्यांचे हक्क आणि त्यांना मिळणाऱ्या सेवेचा दर्जा याबद्दलचा हा कोर्स कराच. फुकट आहे, आपल्या सोयीने थांबत थांबत करता येतो, शेवटी सर्टिफिकेट मिळतं, पण नुसतं सर्टिफिकेटसाठी भराभर क्लिक करत सुटू नका प्लीज. स्वतः आजारातून गेलेल्या माणसांना सोबत घेऊन हा बनवलाय आणि तीच त्याची खरी किंमत आहे.

आमच्या ट्रेनिंगमध्ये शुभार्थी, म्हणजे मानसिक आजार असलेली माणसं, भेटायचे ते फक्त केस प्रेझेंटेशनला. दहा-बारा पोरांसमोर खुर्चीत बसवायचं, हिस्टरी, एमएसई (मनःस्थितीची तपासणी), आवाज ऐकू येतात का, कुणाचे येतात, आणि तो माणूस बाहेर गेला की मग डिस्कशन सुरू. गोळीने हात थरथरतात म्हणून नको म्हणाला तर आपण लिहायचं इनसाईट पुअर, म्हणजे स्वतःच्या आजाराची जाण कमी. तुमची मुलाखत या पोरांनी कशी घेतली असं त्याला कुणी विचारलंय, मी तरी कधी पाहिलं नाही.

या कोर्समध्ये नेमकं तिथेच बोट ठेवलंय. माणसाच्या वतीने निर्णय घेणं वेगळं आणि त्याला निर्णय घ्यायला मदत करणं वेगळं, हा भाग सावकाश करा. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पण अॅडव्हान्स डायरेक्टिव्ह (पुढे आजारपणात कसे उपचार हवेत, नकोत हे आधीच लिहून ठेवणं) आहे, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह (आपल्या वतीने मदतीला आपणच नेमलेला माणूस) आहे, आपण ते पेपरपुरतं पाठ करतो, ते कशासाठी आहे हे मला इथे कळलं. फक्त कोर्स सगळ्या जगासाठी आहे, त्यामुळे आपला कायदा शेजारी उघडून ठेवा.

आणि हे परदेशी फॅड वगैरे नाही हां, गुजरातमध्ये सहा सरकारी मानसिक आरोग्य सेवांमध्ये डब्ल्यूएचओचा हाच क्वालिटीराइट्स कार्यक्रम राबवला गेला, त्यात पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी सेंटरचा मोठा वाटा होता, आणि सेवेचा दर्जा सुधारला, स्टाफचा दृष्टिकोनही बदलला.

एक स्टार कापला कारण मी इंग्रजीतून केला, आणि वॉर्डातल्या ज्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय दिवसभर पेशंटसोबत असतात त्यांच्यापर्यंत हे मराठीतूनच पोचेल. दुसरं म्हणजे स्क्रीनवरच्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही. इंग्लंडमध्ये २००३ मध्ये सोशल वर्कची डिग्री सुरू झाली तेव्हापासून सेवा घेणाऱ्यांना शिकवण्यात सामील करणं सक्तीचं आहे, अॅडमिशनच्या निवडीत सुद्धा. इतकं लांब कशाला, पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच काउन्सेलर म्हणून काम करतात.

म्हणून कॉलेजांना सांगणं आहे, हा कोर्स सगळ्या बॅचला करायला लावा आणि पाठोपाठ शुभार्थींना वर्गात शिकवायला बोलवा, नुसत्या चहा-बिस्किटावर नाही, बाकी गेस्ट लेक्चररला देता तेवढं मानधन देऊन, आणि मुलाखतीच्या प्रॅक्टिकलचे थोडे मार्क त्यांच्या हातात ठेवा.