सिंक्रो शिफ्ट : निम्मा निर्णय यंत्राचा

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २००९ साली आपल्या ड्युरा-एस मालिकेत ‘डीआय२’ ही इलेक्ट्रॉनिक गिअर यंत्रणा आणली, तेव्हा केबल ओढण्याचे काम मोटरकडे गेले. मात्र कोणता गिअर केव्हा टाकायचा हे ठरवणारा सायकलस्वारच होता. त्या निर्णयाचा काही भाग यंत्राकडे देणारी ‘सिंक्रो शिफ्ट’ ही सोय नंतर आली, आणि शिमानोच्याच २०२१ च्या बारा-स्पीड (मागे बारा गिअर असलेल्या) अल्टेग्रा मालिकेवर मी मुख्यतः तीच पारखून पाहिली.

तिचे दोन प्रकार आहेत. पूर्ण सिंक्रोमध्ये आपण फक्त मागचे गिअर बदलत राहायचे, पुढची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) यंत्रणा स्वतः बदलते. अर्ध-सिंक्रोमध्ये चेनरिंग आपण बदलतो आणि त्याच वेळी मागे ठरलेल्या स्प्रॉकेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावर) चेन नेऊन ठेवण्याचे काम यंत्रणा करते. हा दुसरा प्रकार ऐकायला किरकोळ वाटतो, पण मला तोच फार मोलाचा वाटला.

चढाच्या पायथ्याशी चेन पुढे ५० दात्यांवर आणि मागे २४ दात्यांवर आहे असे धरू. पुढे ३४ वर उतरताच गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे दाते) २.०८ वरून १.४२ वर येते, पाय एकदम रिकामे फिरू लागतात आणि नेमक्या त्याच क्षणी, जिथे वेग राखायला हवा तिथे, तो पडतो. अर्ध-सिंक्रोमध्ये चेन मागेही दोन स्प्रॉकेट सरकून १९ दात्यांवर बसते आणि गुणोत्तर १.७९ वर थांबते. दोन्ही मोटरींची बारीक घरघर एकापाठोपाठ ऐकू येते आणि ती विरेपर्यंत पायांना पुन्हा भार लागलेला असतो. केबलच्या सायकलीवर हेच करायला दोन्ही हातांचा मेळ बसावा लागतो, आणि दमलेल्या माणसाचा तो हमखास चुकतो.

पूर्ण सिंक्रोबद्दल मात्र माझे मत तितके अनुकूल नाही. चेन कोणत्या दात्यांवर आहे हे यंत्रणेला कळते, पण पुढच्या वळणामागे चढ संपतो की आणखी उभा होतो, हे तिला दिसत नाही. चेनरिंग बदलताना पायांचा जोर क्षणभर सैल करावा लागतो. बदल कधी होणार हे आपण ठरवले असेल तरच तो वेळेवर सैल करता येतो. सपाट, लांब रस्त्यावर ही अडचण जवळजवळ जाणवत नाही. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या एएक्सएस या इलेक्ट्रॉनिक गिअर यंत्रणेतही असेच दोन प्रकार आहेत आणि हा आक्षेप तिथेही लागू पडतो.

मोड बदलण्यासाठी मागच्या डिरेलरवरचे (चेन सरकवणाऱ्या भागावरचे) बटण दोनदा दाबायचे असते, म्हणजे त्यासाठी उतरणेच बरे. अर्ध-सिंक्रोमध्ये मागे किती स्प्रॉकेटांची भरपाई हवी हे शिमानोच्या ई-ट्यूब अॅपमधून ठरवता येते. आपल्या कॅसेटचे (मागच्या स्प्रॉकेटांच्या संचाचे) दाते मोजून हे गणित एकदा कागदावर मांडावे आणि मगच आकडा भरावा. बॅटरी उतरू लागली की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो आणि मागचा आणखी काही काळ चालतो, त्यामुळे चेनरिंग बदलेनाशी झाली तर प्रथम चार्जिंगच तपासावे.