राइड ऑन: तिकीट माफ, रस्ता ओलांडणे मात्र ज्याचे त्याने

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) ‘राइड ऑन’ ही बससेवा 1975 पासून चालू आहे. परंतु येथे दहा वर्षे राहूनही मी तिच्यात मोजून चार वेळा बसले असेन. घरटी दोन मोटारी असलेल्या उपनगरात बसची आठवण मोटार दुरुस्तीला गेली की होते. या वर्षी आई पुण्याहून पाच महिन्यांसाठी आली आणि आम्ही दोघे कामावर गेल्यावर तिने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा कुठे मी या सेवेकडे नीट पाहिले. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः आईच्या वापरावर आधारलेले आहे, आणि कोथरूडहून लक्ष्मी रोडला आयुष्यभर बसने गेलेली असल्यामुळे या विषयातला तिचा अधिकार माझ्यापेक्षा मोठाच आहे.

पहिल्या दिवशी तिने दोन डॉलर मुठीत धरून ठेवले होते. चालकाने भाड्याच्या पेटीवर पंजा ठेवून हसत मान हलवली, तरी तिला ते पटेना. “अगं, मध्येच तपासनीस चढला तर?” असे ती पुढचे तीन थांबे विचारत होती. 29 जून 2025 पासून राइड ऑनच्या सर्व बसगाड्यांत सर्वांनाच प्रवास विनामूल्य आहे. त्याआधीही भाडे एकच डॉलर होते, आणि त्यातून जमणारी रक्कम सेवेच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होती. नवख्याने एवढे मात्र ध्यानात ठेवावे की त्याच थांब्यावर येणाऱ्या वॉशिंग्टनच्या मेट्रोबसला आणि मेट्रो रेल्वेला तिकीट लागते.

गाडीबद्दल तक्रारीला जागा नाही. तिचा तळ खाली असतो, गुडघेदुखीच्या प्रवाशासाठी चालक दाराची बाजू आणखी झुकवतो, चाकाच्या खुर्चीसाठी उतरती फळी निघते आणि सायकल टांगायला पुढे चौकट आहे. उतरायचे असल्यास खिडकीजवळची दोरी ओढावी लागते. हे काम आता माझ्या मुलाने आजीकडून कायमचे मागून घेतले आहे. रॉकव्हिल स्थानकावर उतरून पादचारी पुलाने रॉकव्हिल पाइक या मोठ्या रस्त्याच्या पलीकडे जाता येते आणि पुढे वाचनालय पायी अंतरावर आहे. नातवाला घेऊन आई तिथे आठवड्यातून दोनदा जाऊ लागली.

फेऱ्यांच्या बाबतीत मात्र सगळे मार्ग सारखे नाहीत. मुख्य रस्त्यांवर बस बऱ्यापैकी वारंवार मिळते, पण वसाहतींतून फिरणाऱ्या अनेक मार्गांवर दोन बसगाड्यांमध्ये अर्धा तास जातो, आणि एक चुकली की माणूस पुन्हा मोटारीच्या किल्ल्या शोधू लागतो. 2020 मध्ये बर्टन्सव्हिल ते सिल्व्हर स्प्रिंग या मार्गावर सुरू झालेली ‘फ्लॅश’ ही निळी जोडबस उंच फलाटांमुळे चढायला सोपी आहे. परंतु उत्तरेकडील काही अंतर कडेच्या पट्टीवरून धावल्यानंतर तिलाही मोटारींच्याच गर्दीत शिरावे लागते. बीआरटीचे, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बसचे, नाव घेऊन अर्धीच मार्गिका देण्याचा प्रकार पुणेकराला नवा नाही.

खरी अडचण बसच्या दाराबाहेर आहे. आमच्या घराच्या बाजूचा थांबा जाण्याच्या दिशेचा असून येताना उतरायचे ते सहापदरी रस्त्याच्या पलीकडे, जिथून जवळचा सिग्नल बऱ्याच अंतरावर आहे. भारतातल्या सवयीने आई आधी उजवीकडे पाहते आणि येथे पहिली मोटार येते ती डावीकडून. एकदा पादचाऱ्याचा पांढरा दिवा लागलेला असताना येथे एरवी मुभा असते तशी लाल सिग्नलवरून उजवीकडे वळणारी एक मोटार तिच्या पिशवीला चाटून गेली. चालकाची नजर डावीकडून येणाऱ्या मोटारींवर होती. उजवीकडे कोणी पायी चालत असेल, हे त्याच्या मनातही नसावे.

काउंटीने या विषयाकडे डोळेझाक केली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रस्त्यांवरील मृत्यू आणि गंभीर दुखापती 2030 पर्यंत शून्यावर आणण्याचे ‘व्हिजन झिरो’ धोरण तिने 2016 मध्ये स्वीकारले, वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे 2007 पासूनच आहेत, आणि दाट वस्तीच्या केंद्रांत लाल दिव्यावर उजवे वळण बंद करण्याचा कायदा 2023 मध्ये झाला. गोम अशी की जॉर्जिया अव्हेन्यू, व्हियर्स मिल रोड, रॉकव्हिल पाइक असे बसचे मोठे रस्ते राज्याच्या महामार्ग विभागाकडे आहेत. बस काउंटीची आणि रस्ता राज्याचा, असा संसार असल्यामुळे थांब्यासमोर रस्ता ओलांडायचा एक पट्टा आणि सिग्नल हवा असला तरी दोन कार्यालयांचे एकमत व्हावे लागते. राज्याने मनावर घेतले तर बदल होतो, हेही खरे: दोन किशोरवयीन सायकलस्वारांच्या मृत्यूनंतर ओल्ड जॉर्जटाउन रोडवर 2022 मध्ये मोटारींची एकेक लेन कमी करून सायकलींना जागा देण्यात आली.

गाडी आणि भाडे यांसाठी मी पाचपैकी पाच गुण देईन, फेऱ्यांसाठी तीन. थांब्यापर्यंतच्या वाटेचे गुण आईने स्वतःच्या पद्धतीने दिले आहेत. त्या मोटारीच्या प्रसंगानंतर ती येताना आमच्या थांब्यावर उतरतच नाही. शेवटच्या स्थानकापर्यंत बसून जाते, तिथे उलट दिशेची बस धरते आणि पाऊण तास उशिरा का होईना, घराच्या बाजूला उतरते. तिकीट नाही ना, मग बसायला काय जाते, असे तिचे म्हणणे आहे.