तेलाचं आयुष्य दुप्पट करणारी बाटली: खान्देशातल्या कारखानदारांनो, सावध राहा

जळगाव एमआयडीसीत आमचं चटईचं छोटं युनिट आहे. "तेल दोन वर्षं बदलूच नका" असं सांगून गिअरबॉक्समध्ये टाकायचं एक द्रव आम्हाला विकलं गेलं आणि त्यात आमचा गिअरबॉक्स गेला. तोच माणूस आता धुळे, दोंडाईचा भागातल्या जिनिंग आणि ऑइल मिलमध्ये फिरतोय असं कानावर आलं, म्हणून लिहितोय.

चटईच्या नळ्या काढायला प्लास्टिकचा दाणा दोनशे अंशांच्या वर तापवावा लागतो. ती धग शेजारच्या, मशीन फिरवणाऱ्या गिअरबॉक्सला लागते. वर पत्र्याची शेड, आणि मे महिन्यात बाहेरच 45 अंश. उन्हाळ्यात तेल बघता बघता काळं पडतं आणि प्रत्येक ऑइल चेंजला मोठा खर्च येतो. ही दुखरी नस त्या माणसाला बरोबर माहीत होती.

त्याने टेबलावर एक मशीन मांडलं. मोटरवर फिरणारी पोलादी रिंग आणि तिच्यावर दांड्याने दाबलेला बेअरिंगचा रोलर. वाटीत आमचंच तेल ओतून त्याने दांड्याला वजन टांगलं, तर कर्कश आवाज करत मोटर बंद पडली. मग बाटलीतले थोडे थेंब टाकले. आता कितीतरी जास्त वजनालाही रिंग गुपचूप फिरत राहिली. आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच तेलावर केलेला प्रयोग! बाटल्या घेतल्या. पावती कच्ची, तिच्यावर जीएसटी नंबर नाही.

पावसाळा लागता लागता ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, तेलना आंबट वास येई राहिना." तो अमळनेरकडचा, आमच्या चटईच्या मशीनवर वर्षानुवर्षं काम केलेला; त्याच्या नाकावर माझा विश्वास आहे. गिअरबॉक्स उघडला तर थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टच्या दिशेचा दाब झेलणारं बेअरिंग) बारीक खड्डे, रोलर जागेवर धरणारा पितळी केज काळा पडलेला. लॅबच्या रिपोर्टात तेलाचा अ‍ॅसिड नंबर, म्हणजे तेलातल्या आम्लाचं माप, नव्या तेलाच्या कितीतरी वर गेलेला.

ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या सरांनी उरलेली बाटली तपासली. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली, द्रवात बुडवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. सर म्हणाले, यात क्लोरीनचं संयुग आहे, बहुतेक क्लोरिनेटेड पॅराफिन.

त्यांनी समजावलं ते प्रत्येकाने नीट वाचावं. क्लोरीनचं संयुग प्रचंड दाबाखाली धातूवर लगेच थर धरतं, म्हणून त्या मशीनवर ते जिंकतंच. पण ती परीक्षा दाबाची, तीही क्षणभराची. उन्हाळ्यात तेल मरतं ते उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने, महिनोन्‌महिने. त्याबद्दल ते मशीन काहीच सांगत नाही. उलट उष्णता आणि ओलावा मिळाला की याच क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं आणि धातू खातं. चांगल्या गिअर ऑइलमध्ये दाब सोसणारी द्रव्यं कंपनीने मोजून घातलेलीच असतात. वरून काही ओतलं की तो मेळ बिघडतो. शिवाय गिअरबॉक्स बनवणाऱ्याने याच कारणावरून वॉरंटी नाकारली.

साधारण हिशेब असा की तेलाचं तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे खरी बचत तापमान उतरवण्यात आहे. आमच्या ऑइल कूलरच्या नळ्यांत बोअरच्या पाण्याचा क्षार जाड बसला होता. तो काढल्यावर गिअरबॉक्स हाताला जाणवेल इतका थंड चालू लागला. गिअरबॉक्सवर साचलेली धूळ पुसा, ब्रीदर (गिअरबॉक्सची हवा आत-बाहेर होण्याची तोटी) साफ ठेवा, तेल खुणेच्या वर भरू नका, कारण जास्त तेल घुसळून आणखी तापतं. तरीही भागत नसेल तर गिअरबॉक्सवाल्याला विचारून सिंथेटिक तेल वापरा. महाग पडतं, पण उष्णतेत खरोखर जास्त टिकतं. आणि ऑइल चेंजची तारीख लॅबच्या रिपोर्टवरून ठरवा.

पोलिसांत अर्ज दिलाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक कारणासाठी घेतलेला माल येत नाही. स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्यालाच सूट आहे. त्यामुळे पक्कं बिल नसेल तर पैसे परत मिळवणं आणखी अवघड होतं.

तुमच्याकडे कुणी असं मशीन घेऊन आलं तर त्याच्याकडे तीन गोष्टी लेखी मागा: तापवलेल्या तेलावरची ऑक्सिडेशन चाचणी (उष्णतेत, ऑक्सिजनमध्ये तेल किती टिकतं ते दाखवणारी), क्लोरीन नसल्याचा लॅब रिपोर्ट आणि जीएसटीचं बिल. बाटलीचा आणि मशीनचा फोटोही काढून ठेवा. आमच्या अर्जाला जोडायला तो उपयोगी पडेल.