47 मिमी की 50 मिमी? छोट्या स्कूटरला मोठा ब्लॉक टाकायचाय तर आधी हे वाचा

चढ आला की 50 सीसीची स्कूटर रडायला लागते, मागे कोणी बसलेलं असेल तर विचारूच नका, मागून हॉर्न वाजत राहतात आणि मग माणूस रात्री झोपायचं सोडून बिग बोअर किट, म्हणजे मोठ्या भोकाचा सिलिंडर ब्लॉक आणि त्याचा पिस्टन, शोधत बसतो. मी पण असाच लागलो नादाला. किट ढीगभर मिळतात आणि प्रत्येकावर डायरेक्ट फिटिंग असंच लिहिलेलं असतं. मी एकाच इंजिनवर दोन वेगळे ब्लॉक वापरलेत, पहिल्याची वाट लावली आणि दुसरा नीट चालतोय, तर त्यावरून सांगतो.

आधी इंजिन ओळखा. फोर स्ट्रोक, एअर कूल्ड 50 सीसी चिनी किंवा तैवानी स्कूटर असेल तर बऱ्याचदा आत 139 क्यूएमबी नावाचं इंजिन निघतं. त्या आकड्यातला 1 म्हणजे एक सिलिंडर आणि 39 म्हणजे 39 मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 41.5 मिमी, हिशोब केला की 49.6 सीसी येतात. स्ट्रोक तोच ठेवून नुसता बोअर वाढवला तर 44 मिमीला 63 सीसी, 47 ला 72, 50 ला साडेएक्क्याऐंशी आणि 52 ला 88. तुमची खरी निवड या चार आकड्यांत आहे, डब्यावर रेसिंग लिहिलंय का स्पोर्ट त्याने काही फरक पडत नाही.

आणि एक मिनिट, किट घ्यायच्या आधी गाडी कंपनीने बांधून तर ठेवली नाही ना ते बघा. कितीतरी 50 सीसी गाड्यांमध्ये वेरिएटरमध्ये (बेल्टची पुली, जी गिअरचं काम आपोआप करते) एक वॉशर घालून ठेवलेला असतो, सीडीआयमध्ये (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आरपीएमची मर्यादा असते, सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक भोक ठेवलेलं असतं. हे तसंच राहिलं तर 72 काय न् 88 काय, टॉप स्पीड होता तिथेच राहणार आणि तुम्ही किटला शिव्या घालणार.

आता 44 चं आटपून टाकतो, एवढी सगळी खोलाखोल करून 63 सीसीच मिळवायचे असतील तर मी तरी ते करणार नाही.

खरी लढत 47 विरुद्ध 50. 47 ने मूळ इंजिनापेक्षा 45 टक्के सीसी वाढतात, 50 ने 64 टक्के, ऐकायला भारी वाटतं, पण 47 वरून 50 ला जाताना मिळतात फक्त 13 टक्के. आणि त्या 13 टक्क्यांसाठी काय मोजावं लागतं ते बघा. ब्लॉकची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी, केसच्या (इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या) तोंडात खाली उतरते, ते तोंड आहे तेवढंच राहतं, म्हणजे बोअर वाढवला की स्लीव्हची भिंत पातळ होणार, दुसरं कुठून येणार. वर हेड पॅकिंगचंही (ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट) तेच, बोअरची कड आणि बाजूचा टायमिंग चेनचा बोगदा यांच्यात जी पट्टी उरते ती अरुंद होत जाते, आणि पॅकिंग उडालं तर ते तिथेच आधी उडतं. थंड करायला पंखा तोच जुना. 52 ला तर केसचं तोंड मोठं करायची वेळ येऊ शकते, म्हणजे पूर्ण इंजिन उतरवून केस लेथवाल्याकडे न्यायची, एवढ्याशा गाडीसाठी हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

माझा पहिला ब्लॉक 50 चाच होता, कारण मोठा आकडा दिसला की डोकं चालत नाही. टाकल्यावर दोन दिवस काय पिकअप होता राव! पण कार्ब्युरेटरचा मेन जेट (ज्या बारीक भोकातून पेट्रोल जातं तो) जुनाच ठेवला होता, पुढच्या आठवड्यात बघू म्हणून, आणि तिसऱ्या दिवशी लांब सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला गाडी एकदम जड झाली, मग मागचं चाकच लॉक झाल्यासारखं झालं. पिस्टन पकडला. उघडल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, रिंग खोबणीतच चिकटलेली. हवा जास्त न् पेट्रोल कमी जात होतं, म्हणजे लीन चालत होती, त्यात रनिंग-इनही, म्हणजे नवा पिस्टन हळू चालवून बसवणंही, झालेलं नव्हतं. किटची चूक नव्हती, माझी होती. पण त्यातून कळलं की 50 चा ब्लॉक चुका पोटात घालत नाही, 47 थोड्याफार घालतो.

जेटचं म्हणून आधीच ठरवून टाका. 47 ला साधारण दोन-तीन नंबर मोठ्या जेटपासून सुरुवात करा, पूर्ण थ्रॉटलला थोडं चालवून तिथल्या तिथे इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा, पांढरा फट्ट असेल तर अजून मोठा जेट, काळा काजळलेला असेल तर लहान, विटकरी-तपकिरी आला की थांबा. आरामात घरापर्यंत येऊन प्लग बघितला तर तो आयडलिंगचा रंग दाखवतो, त्याचा उपयोग नाही.

हेडसकट किट घ्यायचं का नुसता ब्लॉक-पिस्टन? नुसता ब्लॉक स्वस्त पडतो म्हणून बरेच जण जुनंच हेड बसवतात. पण मूळ कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते, साडेदहाच्या आसपास असतं, आणि तेवढ्याच चेंबरमध्ये 72 सीसी कोंबले तर कागदावर ते चौदाच्या पुढे जातं. पिस्टनच्या डोक्याला वाटीसारखा खड्डा असेल तर ते खाली येतं, सपाट पिस्टन असेल तर नॉकिंग (पेट्रोल वेळेआधी पेटून येणारी ठकठक) आणि गरमी गृहीत धरा. त्यामुळे माझं मत सरळ आहे, हेडसकट घ्या. फक्त घेताना तुमचे व्हॉल्व्ह मोजा, या इंजिनात 64 मिमी आणि 69 मिमी अशा दोन लांबीचे येतात, ते न बघता ऑर्डर केली तर पार्सल परत पाठवायचे खेळ सुरू.

वेरिएटरमधल्या रोलरच्या वजनांच्या बाबतीत लोक उलटं करतात. सगळे म्हणतात हलके रोलर टाका, गाडी पळते. फोर स्ट्रोकला मोठा ब्लॉक टाकला की खालच्या आरपीएमलाच ताकद येते, मग हलके रोलर टाकून इंजिन नुसतं बोंबलत ठेवायचं कशाला, उलट एखादा ग्रॅम वाढवून बघा, गाडी शांत चालते आणि पेट्रोलही कमी पिते.

टू स्ट्रोकवाल्यांचं गणित वेगळं. मिनारेली कंपनीच्या इंजिनला 40 मिमी बोअर, 39.2 स्ट्रोक, त्यात 47 चा ब्लॉक टाकला की 68 सीसी होतात, विकताना त्याला सत्तरचं किट म्हणतात. इथे सीसीपेक्षा मोठा प्रश्न बिडाचा ब्लॉक का ॲल्युमिनियमचा. बीड उष्णता हळू सोडतं आणि ॲल्युमिनियमच्या पिस्टनइतकं फुगत नाही, म्हणून पिस्टनला जास्त फट ठेवावी लागते, आणि थंड इंजिन लगेच पिळलं तर पिस्टन आधी फुगून पकडतो. पण खराब झालं तर बोर मारून ओव्हरसाइझ पिस्टन टाकता येतो. ॲल्युमिनियमला आतून निकासिल नावाचा कडक मुलामा असतो, तो गार राहतो, फट कमी चालते, पिकअप जास्त, पण थर खरवडला गेला की साधा बोर मारून काम भागत नाही. रोज वापरायची गाडी आणि पहिलंच किट असेल तर बीड घ्या. शिवाय जोरदार पोर्टिंगचा (मोठ्या वाटांचा) ब्लॉक घेतला तर त्याला जुळणारा एक्सपान्शन पाइप (टू स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) लागतोच, आणि तिथे मात्र हलके रोलर हवेत, कारण त्याची सगळी ताकद वरच्या आरपीएमला असते. गजन पिन (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) 10 मिमी आहे का 12 ते पण मोजून घ्या.

150 सीसीच्या जीवाय6 इंजिनवाल्यांना एकच सांगतो, 57.4 मिमीवरून 58.5 चा ब्लॉक म्हणजे 155 सीसी, चार टक्के, ब्लॉक तसाही झिजलेला असेल तरच घ्या. 61 ला 169 होतात, तिथे फरक जाणवतो, पण केसचं तोंड मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

कागदपत्रांवर सीसी लिहिलेले असतात आणि कितीतरी देशांत 50 सीसीचं लायसन्स, नोंदणी, विमा सगळं वेगळं असतं, अपघात झाल्यावर विमावाले इंजिन उघडून बघू शकतात, तेव्हा हे आधी तपासा. ब्रेक तर तेच राहणार आहेत हे पण डोक्यात ठेवा.

मी आता 47 चा बिडाचा ब्लॉक, हेडसकट, एक ग्रॅम जड रोलर एवढ्यावर आहे आणि चढाला मागून हॉर्न येत नाही. ऑर्डर देताना पॅकिंगचा पूर्ण सेट, दोन-तीन वेगवेगळ्या नंबरचे जेट आणि गजन पिन जागेवर धरणाऱ्या सर्कलिप दोन जास्तीच्या मागवा, आणि पिस्टन बसवताना केसच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा, कारण एक सर्कलिप हमखास उडते आणि ती आत पडली की सगळं परत खोलायचं.