काकांनी बोटांनी वाचलेली बाटली : शापुतिएची बान्युल्स

नाताळच्या सुट्टीत भाची पॅरिसहून आली ती अर्ध्या लिटरची एक बाटली घेऊन. शापुतिए या फ्रेंच वाईन उत्पादकांची बान्युल्स, लाल आणि गोड वाईन. मी चष्मा शोधत होतो, तोवर काकांनी बाटली हातात घेतली. काकांना दिसत नाही. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढली. लेबलावरून बोट फिरवता फिरवता ते थबकले. "अरे, हे ब्रेल आहे!" मग बी, ए, एन, वाय असं एकेक अक्षर लावत त्यांनी नाव वाचलं. ही मंडळी १९९६ पासून आपल्या लेबलांवर ब्रेल छापतात, हे मला नंतर कळलं. आमच्या माहीमच्या घरात काकांनी स्वतः वाचलेली ही पहिली बाटली.

बान्युल्स हे फ्रान्सच्या दक्षिणेचं, स्पेनच्या सीमेजवळचं समुद्रकाठचं गाव. तिथल्या खडकाळ उतारांवर बांध घालून ग्रेनाश जातीच्या द्राक्षांचे वेल लावलेले असतात. रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओततात. यीस्ट जागच्या जागी थंडावतं आणि आंबायची राहिलेली साखर वाईनमध्येच उरते. म्हणजे गोडी फळाची, कुणी वरून साखर घातलेली नाही. अल्कोहोल मात्र साध्या वाईनपेक्षा चांगलंच जास्त, १६ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पेला लहानच घ्यावा. काही बान्युल्स पिंपात किंवा काचेच्या मोठ्या बरण्यांत उन्हात ठेवून वर्षानुवर्षं मुरवतात; त्या अक्रोड, कॉफी, सुक्या अंजिराच्या चवीकडे झुकतात. आमची 'रिमाज' होती, म्हणजे हवा लागू न देता ताजं फळ जपलेली.

बूच काढल्यावर काका बराच वेळ नुसता वास घेत बसले. "करवंदं," ते म्हणाले, "द्रोणात तळाशी राहून पिचलेली." घोट घेतल्यावर म्हणाले, "आणि हे जांभूळ. बघ, जीभ ओढली जाते." अगदी तेच. आधी गोडी पसरते, मागून कोकोसारखा कडवटपणा येतो, आणि शेवटी जांभळाची बी चोखल्यावर राहतो तसा तुरटपणा. हा तुरटपणा आहे म्हणूनच ती सिरपासारखी चिकट लागत नाही. मला या वाईनचं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

फ्रान्समध्ये ती चॉकलेटबरोबर घेतात. आम्हीही ७० टक्के कोकोची वडी फोडली आणि जोडी खरोखरच सुरेख जमली. पण खरी मजा आली वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, मैत्रिणीकडून आलेल्या डक मोयली या बदकाच्या पदार्थाबरोबर. बदकाची चरबी, व्हिनेगरचा आंबटपणा, मसाल्याची ऊब आणि वर हा गोड-तुरट घोट! गोड वाईन जेवणाबरोबर घेता येते यावर माझा विश्वास नव्हता. आता आहे. तिखट मात्र बेताचंच हवं, कारण फार तिखटावर अल्कोहोल घशात जळतं.

पार फसलं ते श्रीखंड. एक चमचा श्रीखंड, वर घोट, आणि वाईन एकदम आंबट आणि पातळ लागायला लागली. गुलाबजामनेही तेच केलं. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईनची गोडी जिभेला कळतच नाही. त्यामुळे आपली पाकातली मिठाई बाजूला ठेवा. सुके अंजीर, खजुरात घातलेला अक्रोड, खारवलेले काजू, निळ्या बुरशीचं चीज, हे सगळं छान लागलं.

बाटली उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. प्यायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढायची. एकदा विसरून तासभर ओट्यावर राहिली, तर मुंबईच्या हवेत नाकाला नुसतं स्पिरिटच येत होतं. संक्रांतीला शेवटचे दोन पेले उरले. तीन आठवड्यांत करवंदाचा ताजेपणा ओसरला होता, पण कोको होता तसाच होता, आणि काकूच्या कमी गुळाच्या तिळाच्या लाडवाबरोबर ती पहिल्या दिवसापेक्षाही चांगली लागली. भाजलेला तीळ आणि तो कडवटपणा अगदी सख्खे वाटले.

आता भाचीला सांगून ठेवलंय, पुढच्या खेपेला फ्रान्सच्याच बोम द व्हनीज गावची मस्कत वाईन आण. तीही अशीच स्पिरिट घालून थांबवलेली, पण पांढऱ्या द्राक्षाची, फुलांच्या वासाची. हापूसच्या फोडींबरोबर घेऊन बघायची आहे. काकांनी फोनवर तिला एवढंच बजावलं, "शापुतिएचीच आण गं, मला वाचता आली पाहिजे."