इंग्लंडच्या पबमध्ये कार्ड: सोय चांगली, एक बटण सांभाळा

एका हाफसाठीही (म्हणजे अर्धा पाइंट बिअर) कार्ड टेकवलं तरी बारवाला भुवई उंचावत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून पिनशिवाय टेकवण्याची मर्यादा १०० पौंड झाली, त्यामुळे दोन-चार पाइंटांना पिन सहसा लागत नाही. जानेवारी २०१८ पासून तिथल्या बँकांच्या वैयक्तिक कार्डावर जादा आकार लावायला बंदी आहे. मात्र 'किमान ५ पौंड' अशी पाटी लावणं कायदेशीर आहे, आणि छोट्या गावांतल्या पबांत ती दिसते.

भारतीय कार्डाचा घोळ वेगळाच. आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप हे दोन्ही बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करा, नाहीतर मशीन सरळ नकार देतं. स्क्रीनवर 'रुपये की पौंड' विचारलं तर डोळे झाकून पौंड दाबा. रुपयांचा दर दुकानाकडचा असतो, म्हणजे बहुधा महागच.

सेवा बारवरच: रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. ऑर्डर देतानाच पैसे, टिप अपेक्षित नाही. जेवण टेबलावर मागवलंत तर बिलात १२.५ टक्के सेवाशुल्क आहे का बघा. बहुतेक ऐच्छिक असतं, काढायला सांगता येतं.